हिराबाय आणि बाटलीहिरवी गाडी

आमच्या दादरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या मुलाने नवी गाडी घेतली आहे. दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला टेकलेली, लालभडक. परवा भर उन्हात तो ती धूत होता. मी बाजारातून येत होते. मला काही राहवलं नाही. म्हटलं, "अरे, उन्हात नको पुसूस. पाणी पत्र्यावरच वाळतं आणि थेंबाथेंबाचे डाग राहतात. सावलीत घे, पत्रा हाताला गार लागू दे, मग पाणी घाल. आणि पहिलं पाणी नुसतं ओतायचं. धुळीवर कापड फिरवलंस की धूळच रंग खरवडते."

तो बघतच राहिला. "आजी, तुमच्याकडे गाडी होती?"

"छे रे. आमच्याकडे सायकलसुद्धा नव्हती."

"मग हे कुठे शिकलात?"

"शेजारणीकडे," म्हटलं आणि पिशवी घेऊन वर आले.

शेजारीण म्हणजे हिराबाय. त्यांचं नाव मी किती वर्षांत घेतलं नव्हतं. घ्यायचं कोणाजवळ? ज्यांना त्यांच्याकडची ती हिरवी गाडी आठवेल असं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

मी मूळची लालबागची. बाबा गिरणीत, घर मालवणी. लग्न होऊन फणसवाडीत आले ती एका खोलीच्या बिऱ्हाडात. आमचे हे गिरगावातल्याच एका छापखान्यात टाइप जुळवायचे. आमची चाळ होती मागच्या अंगाला आणि पुढे हिराबायचं दुमजली घर. जुने मुंबईकर ते. घरात पूर्वी घोडागाडी होती. घोडे कधीच गेले, पण तबेला राहिला होता, आणि आमच्या खोलीची एकुलती एक खिडकी नेमकी त्या तबेल्याच्या दारावर उघडायची. दुसरं बघायला काही नव्हतंच, म्हणून मी तेच बघत बसायची.

हिराबाय बुटक्या, गोऱ्या, कपाळ मोठं. नऊवारी लुगडं, कानात मोत्याच्या कुड्या, आणि अंबाडा इतका घट्ट की भुवया जरा वर ओढल्यासारख्या वाटायच्या. त्यामुळे त्या सदा काहीतरी ऐकून चकित झाल्यासारख्या दिसत. प्रत्यक्षात चकित वगैरे त्या कशानेच होत नसत. कोणी काही सांगितलं की आधी म्हणायच्या, "बरं." मग थांबून, "मग?" वाडीत आग लागली असं सांगितलं असतं तरी त्यांनी "बरं, मग?" असंच विचारलं असतं. घर मासे खाणारं. शुक्रवारी त्यांच्याकडचा कोलंबीचा वास आमच्या खोलीत यायचा आणि आमच्या ह्यांचं आमटीवरचं लक्ष उडायचं. पण देवाच्या बाबतीत त्या फार कडक. सकाळी अंघोळ, रेशमी सोवळं, पूजा, आणि पूजा झाली की संध्याकाळपर्यंत ओवळ्याला म्हणून हात लावायचा नाही. चपला तर त्या पायानेच सरकवायच्या. चामड्याला हात लागला तर पुन्हा अंघोळ.

आणि अशा घरात आली ती गाडी, जिच्या बसायच्या जागा अख्ख्या चामड्याच्या.

गाडी आणली मधुकरने, म्हणजे त्यांच्या मुलाने. एकुलता एक. इंजिनियर होता, एका परदेशी कंपनीत. वडील, बापूसाहेब, हायकोर्टात वकिली करायचे. मधुकर लहानपणापासून दम्याचा. शाळेत असताना धावता आलं नाही, म्हणून त्याला वेगाचं वेड लागलं, असं हिराबाय म्हणायच्या. गाडी विलायतेहून बोटीने आली. दिवाळी नुकतीच झाली होती. वाडीत शिरली तेव्हा पोरं, म्हातारे, सगळे गॅलरीत. बाटलीच्या काचेसारखा गर्द हिरवा रंग, वर उघडमीट होणारं कापडी टप, आणि आत मधाच्या रंगाचं चामडं. इतकी ठेंगणी, की आमच्या वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "काय रे मध्या, बाकीची गाडी मागून येतेय का?"

"एवढीच आहे, काका."

"आणि जागा दोनच? तिसरा आला तर?"

"तिसऱ्याने मागून पळायचं."

"तुझं लग्न झालं की आईने पळायचं म्हणजे."

हिराबाय दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरं." सगळे हसले.

मधुकर गाडी चालवायचा त्याच्यापेक्षा पुसायचा जास्त. रविवारी सकाळी तबेल्याचं दार उघडून तो तिच्याभोवती असा वावरायचा, जसं काही तापातून उठलेलं माणूस आहे. हिराबाय उंबऱ्याच्या बाहेर पाट टाकून बसायच्या आणि तो काय करतोय ते सांगत राहायचा. पाणी कसं ओतायचं, वरून सुरुवात का करायची, चाकं शेवटी का. "आई, कापड खाली पडलं की संपलं. त्याला खडा चिकटतो. ते परत रंगाला लावायचं नाही. ते चाकांना."

"म्हणजे ओवळं झालं."

"हो. ओवळं झालं."

हे मात्र त्यांना पटकन समजलं. त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं की रंगाची कापडं आणि चाकांची कापडं एका बादलीत धुवायची नाहीत. मधुकर म्हणाला, परदेशातल्या माहितीपुस्तकातसुद्धा असंच लिहिलंय. तर म्हणाल्या, "त्यांना कोणी सांगितलं?"

चामड्यासाठी त्याच्याकडे परदेशी मलमाचा एक डबा होता. तो चिमूटभर घेऊन सीटवर गोल गोल चोळायचा. आणि सगळं झालं की आत बसायचा. गाडी जागेवरच उभी, इंजिन बंद. सीट ठेंगण्या होत्या, खांद्यापर्यंतच यायच्या. पण तो घसरून, पाय लांब करून, मान मागे टाकून, डोळे मिटून पडायचा. रविवारचं डोकं तेलाने चपचपलेलं असायचं, कारण सकाळीच हिराबायनी त्याच्या टाळूवर खोबरेल जिरवलेलं असायचं. एवढा इंजिनियर झाला तरी ते सुटलं नव्हतं.

"आई, एकदा बस ना इथे. शेजारी."

"देवाचं आटोपलंय माझं."

"मग पूजेच्या आधी बस."

"आधी पारोशी कशी बसू?"

"बरं, धाबळी अंथरतो. लोकर सोवळ्यात चालते ना? मग तर झालं."

त्या म्हणाल्या, "बघू. पाडव्याला बसते. एक फेरी. चौपाटीपर्यंत आणि मागे."

"धाबळीवर."

"धाबळीवर."

ते दिवस चळवळीचे. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं ऐकलं आणि वाडीच्या वाडी उठली. आमचे हे छापखान्यातून सुटले की सभेला जायचे, घरी यायचे ते बसलेल्या आवाजाने. पोरांनी गेरू कालवून भिंतींवर लिहायला सुरुवात केली. हिराबायच्या तबेल्याच्या दारावर लिहू का म्हणून विचारायला आली तर त्या म्हणाल्या, "लिहा. पण गेरू घट्ट ठेवा, ओघळतो." दोन फळ्यांवर मोठ्या अक्षरात 'झालाच पाहिजे' लिहिलं गेलं. बापूसाहेबांनी कोर्टातून आल्यावर ते वाचलं आणि म्हणाले, "काय झालाच पाहिजे ते लिहिलंच नाही." हिराबाय म्हणाल्या, "ते सगळ्यांना माहीत आहे. फळ्या दोनच होत्या."

मग थंडीतले ते दिवस आले. दगड, टायर पेटवणं, पोलिसांच्या गाड्या. सकाळी शांत असायचं, दुपारनंतर काय होईल सांगता यायचं नाही. अशाच एका सकाळी मधुकर तबेल्यातून गाडी काढायला निघाला. त्याला एक कापड आणायचं होतं. कापड कसलं, मेंढीचं कमावलेलं मऊ पिवळं कातडं, धुतलेल्या गाडीवरचं पाणी टिपून घ्यायला. ऑपेरा हाउसच्या अंगाला एका दुकानात ते आलंय असं त्याला कळलं होतं.

मी खिडकीत होते. हिराबाय म्हणाल्या, "गाडी कशाला नेतोस? दगड पडतायत. नव्या रंगाला लागेल."

"खरंच की," तो म्हणाला. किल्ली परत खुंटीला लावली आणि चालत गेला.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी गडबड झाली. अश्रुधुराची नळकांडी फुटली. माणसं मिळेल त्या जिन्यात शिरली, मधुकरही शिरला. कोणीतरी खालचं दार लावून घेतलं. एक नळकांडं आधीच आत आलेलं होतं. बाकीचे खोकत खोकत वर गच्चीवर पळाले. त्याला चढता आलं नाही.

त्याला इस्पितळात नेलं त्यांत आमचे हेही होते. संध्याकाळी आले. मोरीत जाऊन डोळे धूत राहिले. मग म्हणाले, "त्याच्या हातात पुडकं होतं. सुटतच नव्हतं."

पुडक्यात ते पिवळं कातडं.

हिराबाय रडल्याचं मला आठवत नाही. बायका म्हणायच्या, त्यांना रडवा, नाहीतर बाधेल. आल्यागेल्याला त्या "बरं" म्हणायच्या, "मग" म्हणायच्या नाहीत. एवढाच फरक. बापूसाहेब कोर्टात जायला लागले, पण तबेल्याच्या बाजूचं दार त्यांनी सोडलं. लांबून वळसा घालून पुढच्या दाराने ये-जा करायचे.

दिवसवार झाले आणि एका पहाटे, अजून अंघोळ नाही, कालचंच लुगडं, अशा हिराबाय खाली आल्या. कडी काढली. पिवळं कातडं बादलीत भिजवलं, पिळलं. दोन्ही हातांत ते चामडं धरून त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. मग पुसायला लागल्या. वरून खाली, चाकं शेवटी, मधुकर सांगायचा तशी. झाल्यावर वर जाऊन अंघोळ केली, सोवळं नेसल्या, पूजा केली. त्या दिवसापासून रोज हेच. गाडीला त्या गाडी म्हणायच्या नाहीत. "मधूची पुसायचीय," म्हणायच्या.

मी मदतीला कधी जाऊ लागले ते नीटसं आठवत नाही. पाणी उचलून द्यायची, कापडं पिळायची, ते कातडं सावलीत वाळत घालायची, कारण उन्हात ते कडक होतं. मला त्या गाडीला हात लावू द्यायच्या नाहीत. कापडं कसली म्हणाल, तर त्यांची स्वतःची जुनी लुगडी. नऊवारी लुगडं वर्षानुवर्षं धुतलं की जे मऊ होतं, त्याच्याइतकं मऊ काही नसतं. ती त्यांनी ट्रंकेत साठवून ठेवली होती. नातवंडांच्या दुपट्यांसाठी. ते त्या बोलल्या नाहीत, पण जुनी लुगडी ट्रंकेत दुसऱ्या कशासाठी ठेवतात? एकेक काढायच्या, टर्रकन फाडायच्या, आणि मला म्हणायच्या, "काठ वेगळा कर. काठात जर असते, ओरखडे पडतात."

माझी आई एकदा लालबागहून आली होती. खिडकीतून बघत राहिली. "ही बाय गाडी कित्याक पुसता गो? तेंका गडी नाय?"

"आहे गडी."

"मगे?"

मी सांगितलं. निघताना आई तबेल्याशी थांबली आणि हिराबायना म्हणाली, "बाये, पाठ दुखात. बसान पुसा."

"बरं," हिराबाय म्हणाल्या. पण बसून पुसण्यासाठी आत बसावं लागलं असतं. चामड्याला त्यांचा हात लागायचा, त्यावर त्या बसल्या मात्र कधी नाहीत. दारातून वाकून, एक गुडघा गाडीच्या पायरीवर टेकून, हात लांब करून करायच्या.

कोणतंही काम चालू असताना त्या बोलायच्या नाहीत. एकदाच, कापड पिळताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मीच म्हटलं, चालत जा. रंगाला लागेल म्हटलं."

मी बादलीतलं पाणी ओतून आले.

"ते कापड दे," त्या म्हणाल्या.

आता सीटवरच्या डागाचं सांगते. चालवणाऱ्याच्या सीटच्या वरच्या कडेला, तळव्याएवढा एक काळसर डाग होता. मधाच्या रंगात चहा सांडल्यासारखा. मधुकर घसरून पडायचा, मान मागे टाकायचा, तिथे त्याच्या डोक्याचं खोबरेल उतरलं होतं. हिराबाय मलम लावताना खालून वर यायच्या आणि तिथवर आल्या की हात थांबायचा. मग बोटाने त्या डागाच्या कडेकडेने, रांगोळीची रेघ ओढावी तशा, जपून फिरायच्या. डागाला कधी हात लावला नाही. मी बघते आहे हे त्यांना ठाऊक होतं. एकदा आपणहून म्हणाल्या, "एवढंच आहे त्याचं. कपडे बापूसाहेबांनी देऊन टाकले."

पुढल्या वर्षी वाडीची माणसं आली. आमचे हे आणि आणखी दोघे. मिरवणूक निघायची होती. मधुकरचा फोटो बॉनेटवर लावायचा, गाडीला हार घालायचे आणि मागून सगळी वाडी चालणार.

हिराबायनी ऐकून घेतलं. "हार कसले?"

"झेंडूचे."

"झेंडूचा रंग उतरतो. डाग पडेल."

"गुलाबाचे आणू, हिराबाय."

"त्यांत तारा असतात."

एकजण जरा तापला. म्हणाला, "हिराबाय, तुम्हाला रंगाचं पडलंय? तो हुतात्मा आहे आमचा."

"तो कापड आणायला गेला होता," त्या म्हणाल्या. "तुमच्या सभेला तो एकदाही आला नाही. तुम्ही लाठ्या खाल्ल्यात, तुम्ही मिरवा. मला राग नाही. पण त्याने जे केलं नाही ते त्याच्या नावावर घालू नका. मग त्याने जे केलं ते कोणाच्या लक्षात राहायचं नाही."

मग सगळ्यांना चहा दिला. आमचे हे घरी येऊन म्हणाले, "मागायला जायला नको होतं." मी म्हटलं, "मी सांगणार होते." म्हणाले, "मग सांगायचंस की."

बापूसाहेबांना गाडी विकायची होती. विकायची म्हणजे नजरेसमोरून जायला हवी होती. ते वाईट माणूस नव्हते. वाडीतल्या कितीकांची कोर्टाची कामं त्यांनी नुसत्या नमस्कारावर केली. पण वळसा घालून घालून ते थकले होते. एकदा त्यांचं बोलणं मी ऐकलं, तबेल्याच्या दाराशी, ते त्या दारापर्यंत आलेले मी तेव्हाच बघितले.

"हिरा, ठेवून ठेवून सडेल ती. कोणी चालवेल तरी."

"अजून नाही."

"कशासाठी?"

"आत त्याचं आहे."

"काय आहे?"

हिराबायनी गाडीचं दार उघडून दाखवलं नाही. नुसतं म्हणाल्या, "आहे."

बापूसाहेब वळसा घालून गेले.

पावसाळ्यात फार जपावं लागायचं. मुंबईची हवा, चामड्यावर पांढरी बुरशी धरते. हिराबाय तबेल्यात मडक्यातून कळीचा चुना ठेवायच्या, ओल शोषून घ्यायला. चुना फुटून भुकटी झाली की मडकं बदलायचं. असे पावसाळे निघाले. पण परदेशी मलमाचा डबा संपत आला. आधी चिमूट, मग नखाएवढं, मग बोट डब्याच्या बुडाला नुसतं घासायचं. आमचे हे दुकानं फिरले, फोर्टातसुद्धा गेले. बाहेरचा माल येणं बंद झालं होतं. डबा संपल्यावर चामडं कोरडं पडायला लागलं. बसायच्या कडेला भेगा दिसू लागल्या, टाचेला पडतात तशा.

हिराबाय काही दिवस त्या भेगांकडे बघत होत्या. मग एके दिवशी पितळी वाटीत खोबरेल घेऊन आल्या, कोमट केलेलं, त्यात कापूर विरघळवलेला. आमच्याकडे काय, टाच भेगाळली तर तेल, दार करकरलं तर तेल, मूल रडलं तर तेल. त्यांनी बसायच्या जागेवर एका कोपऱ्यात थेंब लावून बघितला. चामडं ते गटागट प्यायलं आणि मऊ झालं. हिराबाय माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ गो, कसं पितंय." इतक्या वर्षांत त्यांच्या आवाजात मी ते पहिल्यांदा ऐकलं. काय ते सांगता येणार नाही. हातून कोणी जेवल्यावर बाईच्या आवाजात येतं ते.

मग त्यांनी सगळी सीट केली. डागाच्या भोवती चांगली चार बोटं जागा कोरडी सोडली. मी शपथेवर सांगते, सोडली होती. माझ्यादेखत.

सकाळी दार उघडलं तर सगळी सीट एका रंगाची. तेल रात्रभर चामड्यातल्या चामड्यात पसरत गेलं होतं. मधाचा रंग गेला होता आणि वरपासून खालपर्यंत तो डागाचाच रंग आला होता.

हिराबायनी हात पुढे केला. "इथे होता ना गं?"

"हो."

"की इथे?"

मला सांगता येईना. त्यांनी बोटाने चाचपलं. मग वाकून, सीटला नाक टेकेल इतकं वाकून वास घेतला. वरच्या कडेचा, मग मधला, मग खालचा. उठल्या.

"सगळीकडे त्याच्याच डोक्याचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

त्यांनी बोटं पदराला पुसली.

"बरं."

त्यांनी गाडीचं दार लावलं, तबेल्याची कडी घातली. दुसऱ्या दिवशी त्या खाली आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. मी फटीतून बघितलं तर हिरव्या रंगावर धूळ बसलेली. मला पुसायचा अधिकार नव्हता.

आणखी काही दिवसांनी त्यांनी बापूसाहेबांना सांगितलं, "ती द्या आता कोणाला."

बापूसाहेब म्हणाले, "नक्की?"

"तुम्हीच म्हणत होतात."

गंमत बघा, इतकी वर्षं मागे लागलेला माणूस, आता त्याच्या हातून होईना. आज बघतो, उद्या बघतो करत त्यांनी पुष्कळ महिने घालवले. त्या काळात एकदा मी त्यांना तबेल्यात उभे असलेले बघितलं. गाडीला हात न लावता, छत्री काखेत धरून. त्यानंतर वळसा घालणं त्यांनी बंद केलं. हिराबायनीही पुन्हा पुसायला सुरुवात केली. पण आता "मधूची" म्हणायच्या नाहीत. "गाडी पुसून ठेवते, कोणी बघायला येईल," म्हणायच्या.

मग महाराष्ट्र झाला. वाडीत दिवे लागले, पेढे वाटले, गुलाल इतका उधळला की आमच्या पायऱ्या गुलाबी झाल्या. आमचे हे रस्त्यावर नाचले, मी पहिल्यांदाच त्यांना नाचताना बघितलं. हिराबायनी तबेल्याच्या दाराच्या फटींत ओली लुगडी कोंबून ठेवली होती, गुलाल आत जाऊ नये म्हणून. दारावरचा गेरू पुसट झाला होता तरी 'झालाच पाहिजे' वाचता येत होतं. त्यांनी सगळ्यांकडचे पेढे घेतले, कपाळाला गुलाल लावून घेतला, आणि म्हणाल्या, "झाला. बरं झालं."

गटारांतला गुलाल अजून धुऊन गेला नव्हता तेव्हा गिऱ्हाईक आलं. भायखळ्याचा एक तरुण डॉक्टर. सडपातळ, चपटा भांग पाडलेला, केस तेलाने चकाकत होते. आदल्या दिवशी मेकॅनिकने येऊन गाडी सुरू करून ठेवली होती. डॉक्टर गाडीभोवती फिरला, रंगाला हात न लावता, हात पाठीमागे बांधून. हे हिराबायना आवडलं असावं. त्यांनी त्याला सगळं सांगितलं. उन्हात नको. पहिलं पाणी ओतायचं. खाली पडलेलं कापड परत वर नाही. तो मुकाट्याने ऐकत होता. त्यांनी लुगड्याच्या कापडांची घडी त्याच्या हातात दिली.

"मावशी, ही तर अगदी नव्यासारखी आहे," तो म्हणाला. "इतक्या वर्षांची म्हणाले होते ते."

बापूसाहेब खिडकीत उभे होते.

"तुम्ही बसा ना," डॉक्टर म्हणाला. "एक फेरी मारू. चौपाटीपर्यंत."

"देवाचं आटोपलंय माझं," हिराबाय म्हणाल्या.

त्याला ते काय कळणार. तो "बरं, बरं" म्हणत आत बसला. हात चाकावर ठेवले. बसताच त्याला इतकं बरं वाटलं, की तो नकळत घसरला, पाय लांब केले आणि मान मागे टाकली. आणि लगेच दचकून उठला. "अरे, माझं तेल." खिशातून घडी केलेला पांढरा रुमाल काढून त्याने सीटच्या वरच्या कडेला नीट पसरला. "डाग पडेल नाहीतर. जपायला हवं."

हिराबाय पुढे झाल्या. वाकून, आत हात घालून त्यांनी तो रुमाल उचलला, घडी घातली आणि त्याच्या हातात दिला.

"असू दे," त्या म्हणाल्या.

"अहो, डाग पडेल, मावशी."

"पडू दे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग त्याने गाडी सुरू केली. पोरं थोडी मागून धावली. वाडीच्या तोंडाशी वळताना हिरवा रंग एकदा उन्हात चमकला आणि गाडी गेली. हिराबाय वर निघून गेल्या. दुपारी मी गेले तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "चाळण दे तेवढी."

त्याच सुमाराला आम्हाला दादरची जागा मिळाली. ट्रक यायचा होता त्या सकाळी मी शेवटचं म्हणून खिडकी उघडली. तबेल्याचं दार उघडं होतं, आत नुसती फरशी. हिराबाय पायरीवर बसल्या होत्या, अंघोळ व्हायची होती. पुढ्यात बादली. ते पिवळं कातडं त्यांनी डॉक्टरला दिलं नव्हतं. त्यांनी ते पाण्यात बुडवलं, दाबलं, पिळलं, झटकलं आणि बाहेरच्या दोरीवर टाकलं. ऊन सरकत तिथवर आलेलं होतं. त्यांच्या लक्षात आलं तशा उठल्या, ते काढलं, आणि आत नेऊन सावलीत पसरून ठेवलं.